साठीनंतरची बुद्धी आणि पायांची चाल

उतारवयातल्या हालचालीचा बुद्धीशी संबंध असतो ही समजूत फार जुनी आहे. तो संबंध मोजून पाहण्याचा उद्योग मात्र जेमतेम पन्नास वर्षांचा. त्याआधी दोन हजार वर्षे वैद्य, तत्त्वज्ञ आणि पुढे सरकारेही म्हाताऱ्या माणसाने किती हिंडाफिरावे याचे सल्ले देत आली. हे सल्ले एकमेकांशी जुळणारे नव्हते, आणि त्यांतला वजनदार सल्ला बहुतेक वेळा विश्रांतीचाच होता.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्यायामाचे गुण सांगताना, नियमित व्यायाम करणाऱ्यावर म्हातारपण एकाएकी चालून येत नाही, असे म्हटले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात व्यायाम कोणी टाळावा हेही सांगितले आहे: वातपित्ताचा रोगी, अजीर्ण झालेला, लहान मूल आणि वृद्ध. धडधाकट माणसानेसुद्धा थंडीत आणि वसंतात निम्म्या ताकदीनेच व्यायाम करावा, असा त्याचा दंडक आहे. दोन्ही ग्रंथ एकत्र वाचले तर अर्थ असा निघतो की व्यायाम ही तरुणपणी करायची पुंजी आहे. म्हातारपण आल्यावर ती खर्चायची, वाढवायची नाही. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री याने अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली, यावरून या ग्रंथाला महाराष्ट्रात काय मान होता ते कळते. अर्थात हा सल्ला पाळणे परवडणारा वर्ग लहानच होता. शेतात राबणाऱ्याला साठी उलटली म्हणून कोणी घरी बसवत नव्हते, आणि आषाढीला आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालत जाणाऱ्यांत पिकल्या केसांची माणसे नेहमीच पुष्कळ असत.

रोमन जगातही दोन सूर ऐकू येतात. सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये म्हातारपणावर एक छोटा संवाद लिहिला. त्यात ८४ वर्षांचा रोमन मुत्सद्दी केटो बोलतो. रोगाशी झगडावे तसे म्हातारपणाशी झगडावे, झेपेल एवढा व्यायाम करावा, खाणेपिणे बेताचे ठेवावे, असे त्याचे म्हणणे. पण लगेच तो असेही सांगतो की श्रमाने शरीर जड होते आणि वापराने मन हलके होते. शरीराचे आणि मनाचे खाते त्याने वेगवेगळे ठेवले होते; एकात भरलेले दुसऱ्यात जमा होईल असे त्याला वाटत नव्हते. दुसऱ्या शतकातल्या गेलनचे डोळे वैद्याचे होते. आरोग्य राखण्यावरच्या आपल्या ग्रंथात त्याने अँटिओकस नावाच्या, ऐंशी ओलांडलेल्या वैद्याची दिनचर्या नोंदवली आहे. हा गृहस्थ रोज घरापासून फोरमपर्यंत तीन स्टेडिया, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून थोडे अधिक, पायी जाई आणि वाटेत रोगी तपासी. शंभरीच्या जवळ पोहोचलेल्या टेलिफस या व्याकरणकाराचीही हकिकत तिथे आहे. शेवटपर्यंत डोके शाबूत असलेल्या या म्हाताऱ्यांच्या पायांकडे गेलनने लक्ष दिले, एवढे श्रेय त्याला द्यावे लागते. कारण मात्र त्याने आपल्या काळाला साजेसे दिले: म्हातारपण म्हणजे शरीर थंड आणि कोरडे पडणे, आणि चालण्याने व तेल चोळण्याने थोडी ऊब टिकते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विश्रांतीला कायद्याचा आधार मिळाला. बिस्मार्कच्या जर्मनीने १८८९ मध्ये म्हातारपणाच्या निवृत्तिवेतनाचा कायदा केला. वयाची अट सत्तर वर्षांची होती, ती १९१६ मध्ये पासष्टवर आली. पुढे देशोदेशी हीच रीत पडली. भारतात केंद्र सरकारी नोकरांची ५५ वर्षांची मर्यादा १९६२ मध्ये ५८ वर आणि १९९८ मध्ये ६० वर गेली. उतारवयात माणसाने कामधंदा सोडून स्वस्थ बसावे, ही आधी फक्त सुखवस्तू घरांची चैन होती. निवृत्तिवेतनाने ती कचेरी-कारखान्यातल्या माणसापर्यंत आणली. आरामखुर्ची आणि वर्तमानपत्र हे निवृत्तीचे चित्र याच काळातले.

त्या चित्राला विज्ञानानेही दुजोरा दिला. जर्मन शरीरशास्त्रज्ञ माक्स रुबनर याने १९०८ मध्ये निरनिराळ्या प्राण्यांची तुलना करून असे मांडले की आयुष्यभरात शरीराचा प्रत्येक किलो ठरावीकच ऊर्जा खर्च करू शकतो. अमेरिकेत रेमंड पर्लने ही कल्पना पुढे नेली आणि १९२८ मध्ये जगण्याच्या वेगावर पुस्तक लिहिले. जो भराभर जगतो तो लवकर संपतो, हा त्याचा मथितार्थ. चाळिशीनंतर अंगमेहनत जास्त तर मृत्यूचे प्रमाणही जास्त, असे त्याला कामगारांच्या आकड्यांत दिसले होते. त्या मेहनतीबरोबर गरिबी, धूर आणि कोंदट घरेही येतात, याचा हिशेब पुरेसा झाला नाही. मेंदूच्या बाबतीत तर दार आणखी घट्ट लावलेले होते. स्पेनचा सांतियागो रामोन इ काहाल हा चेतापेशींचा सर्वांत मोठा जाणकार. प्रौढ मेंदूतल्या वाटा ठरून गेलेल्या असतात, तिथे सारे मरू शकते, नव्याने काही उगवत नाही, हा त्याचा १९१३-१४ च्या ग्रंथातला निष्कर्ष पुढे अर्धे शतकभर पाठ्यपुस्तकांत राहिला. ‘साठी बुद्धी नाठी’ हे मराठी माणसाला म्हणीतून ठाऊक होतेच. आता त्यावर सूक्ष्मदर्शकाचा शिक्का बसला.

विश्रांतीला पहिला धक्का बसला तो मेंदूच्या नव्हे, हृदयाच्या अंगाने. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर तिकिटे फाडत दिवसाला सुमारे सहाशे पायऱ्या चढत-उतरत असे. मुंबईत बेस्टच्या दुमजली बसचे कंडक्टर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. दोघांचा पगार, वस्ती, खाणेपिणे जवळजवळ सारखे. जेरी मॉरिस या डॉक्टरने लंडन ट्रान्सपोर्टच्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की हृदयविकाराचे झटके ड्रायव्हरांना कंडक्टरांपेक्षा जास्त येतात आणि जास्त घातक ठरतात. व्यायाम आणि आजार यांचा संबंध मोठ्या आकड्यांत दाखवणारा हा पहिला अभ्यास.

मॉरिसची खरी थोरवी मात्र तीन वर्षांनंतरच्या कामात आहे. त्याने कंपनीच्या गणवेश-विभागाच्या वह्या काढल्या आणि पँटच्या कमरेची मापे पाहिली. ड्रायव्हर नोकरीला लागले तेव्हापासूनच कंडक्टरांपेक्षा कमरेने जाड होते. म्हणजे बसून बसून माणूस बिघडतो, की बिघडण्याकडे कल असलेला माणूसच बसायची नोकरी धरतो? आपल्याच निष्कर्षाला असा चिमटा घेणारे संशोधक थोडे. व्यायाम आणि बुद्धी यांच्या पुढच्या साऱ्या इतिहासात हाच प्रश्न वेष बदलून पुन्हा पुन्हा येतो. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगला. २००९ मध्ये वारला.

विश्रांती स्वतःच अपाय करते हे १९६६ मध्ये डॅलसमध्ये दिसले. विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवले. ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता, म्हणजे सोप्या भाषेत दम, इतकी घसरली की तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले तेव्हा असे निघाले: तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढे नुकसान केले नव्हते तेवढे त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केले होते. पुढे १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने हिने नव्वदीच्या दहा अशक्त म्हाताऱ्यांकडून आठ आठवडे वजने उचलून घेतली आणि पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढल्याचे दाखवले. म्हाताऱ्या स्नायूला शिकवता येते हे ठरले. म्हाताऱ्या मेंदूचे काय, हा प्रश्न तोवर दुसऱ्या वाटेने पुढे गेला होता.

ती वाट प्रतिक्रियाकालाची. दिवा लागला की बोट उचलायचे. मधे किती क्षण जातात ते मोजायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर केंब्रिजमध्ये ॲलन वेलफर्ड आणि अमेरिकेत जेम्स बिरेन यांनी वयाबरोबर हा काळ लांबत जातो हे पक्के केले. एका दिव्याऐवजी दोन-तीन दिवे ठेवले आणि त्यांतून निवड करायला लावली की म्हातारा माणूस आणखी मागे पडतो. ही मंदी वयाबरोबर अटळ येते असे धरून चालले होते. १९६८ मध्ये बोटविनिक आणि थॉम्पसन या दोघांनी एक अडचणीचा मुद्दा काढला. प्रयोगशाळेत येणारी तरुण पोरे बहुधा कॉलेजातली खेळाडू असतात. त्यांच्यातली न खेळणारी तेवढी वेगळी काढून म्हाताऱ्यांशी ताडून पाहिली, तर फरक बराच आटतो.

टेक्सास विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या वनीन स्पर्डुसो हिने हा धागा उचलला. तिने पुरुषांचे चार गट केले: विशीतले खेळणारे, विशीतले बैठे, पन्नास ते सत्तरीतले खेळणारे आणि त्याच वयातले बैठे. खेळणारे म्हणजे वर्षानुवर्षे रॅकेटचे खेळ आणि हँडबॉल खेळत आलेले. १९७५ मध्ये तिने निकाल छापला. बैठे म्हातारे सर्वांत मंद, यात नवल नव्हते. खेळणारे म्हातारे मात्र बैठ्या तरुणांच्या जवळपास निघाले. वयाच्या नावावर लिहिलेला बराचसा तोटा सवयीचा असावा, अशी शंका त्यामुळे पहिल्यांदा आकड्यांनिशी उभी राहिली.

पण इथेही मॉरिसच्या पँटा आडव्या येतात. चाळीस वर्षे टेनिस खेळणारा माणूस आधीपासूनच चपळ असेल, म्हणून तर तो खेळत राहिला. यावर उपाय एकच: आजवर न खेळलेली म्हातारी माणसे घ्यायची, चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, एका गटाला व्यायाम द्यायचा आणि काही महिन्यांनी पुन्हा परीक्षा घ्यायची. सॉल्ट लेक सिटीत रॉबर्ट डस्टमनने १९८४ मध्ये ५५ ते ७० वयाच्या माणसांना चार महिने जलद चालवले आणि चाचण्यांत सुधारणा झाल्याचे कळवले. त्याचे गट मात्र फार लहान होते आणि चिठ्ठ्यांची शिस्तही पुरती पाळलेली नव्हती. १९८९ मध्ये ड्यूक विद्यापीठात ब्लुमेंथाल आणि मॅडन यांनी १०१ स्त्री-पुरुष घेऊन हेच नीट करून पाहिले. एक गट सायकल आणि जलद चालीचा, दुसरा योगासनांचा आणि तिसरा नुसता थांबलेला. पहिल्या गटाचा दम वाढला, त्या माणसांना स्वतःलाही बरे वाटले, पण बुद्धीच्या चाचण्यांत सांगण्यासारखे काही हाती लागले नाही. या प्रयोगात योगासने औषध म्हणून नव्हती. खरे औषध जोखण्यासाठी शेजारी ठेवलेली साखरेची गोळी म्हणून ती होती, ही गोष्ट मराठी वाचकाला गमतीची वाटेल.

या गोंधळात दहा वर्षे गेली. त्या काळात मोठी हालचाल झाली ती उंदरांच्या पिंजऱ्यात. एमआयटीतला जोसेफ ऑल्टमन १९६२ पासून सांगत होता की प्रौढ उंदराच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात. १९६५ मध्ये गोपाल दास याच्याबरोबर त्याने हिपोकॅम्पसमधला पुरावा छापला. कानामागे, खोलवर असलेला हा भाग नव्या आठवणी बसवण्याचे काम करतो. ऑल्टमनचे म्हणणे काहालच्या विरुद्ध जाणारे, म्हणून ते पंचवीस वर्षे बाजूला पडले. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल कॉटमनच्या गटाने चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूत बीडीएनएफ हे प्रथिन वाढलेले दाखवले. चेतापेशी जगवणारे हे प्रथिन इव्ह-आलँ बार्द याने १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळे केले होते. आश्चर्य याचे की ते नुसते हालचालीच्या भागात नव्हे, हिपोकॅम्पसमध्येही वाढले होते. १९९९ मध्ये हेन्रिएट व्हॅन प्राग, गर्ड केम्परमान आणि फ्रेड गेज यांनी आणखी एक गाठ सोडवली. उंदीर धावण्याच्या चाकासह ठेवले तर हिपोकॅम्पसमध्ये टिकणाऱ्या नव्या पेशी दुप्पट होतात. पिंजऱ्यात चाक ठेवले की उंदीर कोणी न सांगता रात्रभर धावतात. माणसाच्या बाबतीत संशोधकांना हे सुख नसते. पुढे २००५ मध्ये याच गटाने १९ महिन्यांच्या, म्हणजे उंदराच्या मानाने म्हाताऱ्या प्राण्यांना महिनाभर चाक दिले, तेव्हा तेही पाण्यातल्या चक्रव्यूहाची वाट लवकर शिकले.

माणसातही अशा पेशी जन्मतात असे स्वीडनच्या पीटर एरिक्सनने १९९८ मध्ये, कर्करोगाने वारलेल्या रुग्णांच्या मेंदूंवरून दाखवले. पण हा वाद मिटलेला नाही. २०१८ मध्ये एका महिन्याच्या अंतराने दोन शोधनिबंध आले: एकात प्रौढ माणसाच्या हिपोकॅम्पसमध्ये नव्या पेशी अजिबात सापडल्या नाहीत, दुसऱ्यात ७९ वर्षांच्या माणसापर्यंत सापडल्या. तेव्हा धावणाऱ्या उंदरावरून चालणाऱ्या आजोबांवर थेट उडी मारणारे लेख जरा सावधपणेच वाचावेत.

माणसांच्या प्रयोगाला वळण लागले ते १९९९ मध्येच, इलिनॉय विद्यापीठात. आर्थर क्रेमरने ६० ते ७५ वयाचे १२४ बैठे स्त्री-पुरुष घेतले. चिठ्ठीनुसार निम्म्यांनी सहा महिने जलद चालायचे, निम्म्यांनी तेवढाच वेळ अंग ताणण्याचे व्यायाम करायचे. दोन्ही गटांना सारखी सोबत, सारखे शिक्षक, सारखी घराबाहेर पडण्याची निमित्ते. फरक फक्त धाप लागण्याचा. चालणाऱ्यांचा दम वाढला तोही पाच टक्क्यांच्या आसपासच. क्रेमरची हुशारी चाचण्यांच्या निवडीत होती. सगळीच बुद्धी सारखी म्हातारी होत नाही, हे त्याने धरले. शब्दसंपत्ती शेवटपर्यंत टिकते. पहिल्यांदा सैल होतो तो मनाचा लगाम: एक काम सोडून पटकन दुसरे धरणे, नको ते नजरेआड करणे, चुकीच्या वाटेला लागलेला हात मधेच आवरणे. ही कामे कपाळामागच्या मेंदूच्या भागाची. चालणारे नेमके याच कामांत सुधारले, बाकीच्या चाचण्यांत दोन्ही गट सारखेच राहिले. आधीचे प्रयोग एकमेकांशी का जुळत नव्हते याचाही त्यातून उलगडा झाला: अनेकांनी चुकीच्या जागी शोधले होते. २००३ मध्ये क्रेमर आणि स्टॅनली कोलकोम यांनी १९६६ ते २००१ पर्यंतच्या १८ प्रयोगांची बेरीज मांडली, तेव्हाही सर्वांत मोठा परिणाम या लगामाच्या कामांतच दिसला.

पुढच्या वर्षी त्यांनी हे मेंदूच्या स्कॅनमध्ये पाहिले. यंत्रात झोपलेल्या माणसाला पाच बाण दाखवायचे आणि मधला बाण कुठे वळला आहे तेवढे बटणाने सांगायचे. बाजूचे चारही बाण उलट दिशेचे असले की डोळा फसतो, बोट अडखळते. सहा महिने चाललेल्या माणसांचे अडखळणे कमी झाले आणि मेंदूतल्या संबंधित भागांची चित्रेही बदलली.

या घराण्यातला सर्वांत गाजलेला प्रयोग २०११ चा, कर्क एरिक्सनचा. ५५ ते ८० वयाची १२० माणसे, एक वर्ष, आठवड्यातून तीन दिवस. सुरुवात फक्त दहा मिनिटांच्या चालण्याने. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत सातव्या आठवड्यात चाळीस मिनिटे, आणि तिथून पुढे तेवढेच. दुसरा गट रबरी पट्टे ओढणे, तोल सांभाळण्याचे प्रकार आणि योगाची एक मालिका करत असे. वर्षअखेर अंग ताणणाऱ्यांचा हिपोकॅम्पस सुमारे १.४ टक्के आक्रसला होता. या वयात तो वर्षाला एक-दोन टक्के आक्रसतोच. चालणाऱ्यांचा मात्र सुमारे दोन टक्के वाढला. वयाचे घड्याळ एक-दोन वर्षे मागे फिरले, अशा मथळ्यांनी ही बातमी जगभर गेली. मथळ्यांतून जे गळले ते शोधनिबंधातच लिहिलेले होते. पडद्यावर क्षणभर दिसलेले ठिपके नंतर ओळखायच्या स्मरणचाचणीत दोन्ही गट सुधारले, आणि दोघांत ठळक फरक पडला नाही. हिपोकॅम्पस वाढला, पण आठवण त्या प्रमाणात सुधारली असे सिद्ध झाले नाही. या विषयावरचे लोकप्रिय लेखन अजूनही हा दुसरा भाग सहसा सांगत नाही.

चालणे हेच एकमेव औषध आहे, हा आग्रहही लवकरच सैल झाला. व्हँकुव्हरमध्ये टेरेसा ल्यू-अँब्रोझ हिने २०१० मध्ये ६५ ते ७५ वयाच्या १५५ स्त्रियांपैकी बऱ्याच जणींकडून वर्षभर वजने उचलून घेतली; आठवड्यातून एकदा-दोनदा एवढ्यानेही लक्ष आवरण्याच्या चाचणीत फरक पडला. आणि २०१४ मध्ये नेहा गोठे, क्रेमर आणि एडवर्ड मॅकऑली यांनी ११८ प्रौढ-वृद्धांवर आठ आठवडे हठयोगाचा प्रयोग केला, तेव्हा योगाचा गट सुधारला आणि अंग ताणणारा गट मागे राहिला. पंचवीस वर्षांत योगासने साखरेच्या गोळीच्या जागेवरून औषधाच्या जागेवर आली.

दरम्यान हजारो माणसांवर वर्षानुवर्षे नजर ठेवणाऱ्या पाहण्याही जमत होत्या. होनोलुलूत ७१ ते ९३ वयाच्या २,२५७ जपानी-अमेरिकन पुरुषांत, दिवसाला पाव मैलाहून कमी चालणाऱ्यांना स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण दोन मैलांहून जास्त चालणाऱ्यांच्या १.८ पट निघाले (२००४). सिअ‍ॅटलमध्ये आठवड्यातून तीनदा तरी व्यायाम करणाऱ्यांचा धोका ३२ टक्के कमी दिसला (२००६). न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात जो वर्गीस याने २००३ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ जणांच्या फावल्या वेळाचा हिशेब मांडला. त्यात वाचन, पटावरचे खेळ आणि वाद्यवादन यांच्याबरोबर शारीरिक हालचालींपैकी एकटे नृत्य पुढे आले. चालणे-पोहणे मागे राहिले. गोथेनबर्गमध्ये १९६८ साली सायकलवर दम मोजलेल्या १९१ मध्यमवयीन स्त्रियांचा माग ४४ वर्षे ठेवला. २०१८ मध्ये निकाल आला: उत्तम दमाच्या स्त्रियांपैकी ५ टक्के, मध्यमपैकी २५ टक्के आणि कमी दमाच्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांना पुढे स्मृतिभ्रंश झाला. उत्तम दमाच्या स्त्रिया चाळीसच होत्या, हे ध्यानात ठेवूनही फरक नजरेत भरतो. शिवाय इथे दम मोजला गेला तो पन्नाशीच्या आगेमागे, सत्तरीत नव्हे.

ही शेवटची गोष्ट का महत्त्वाची, ते लंडनच्याच दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले. व्हाइटहॉलच्या १०,३०८ सरकारी नोकरांचा २८ वर्षांचा हिशेब २०१७ मध्ये सेव्हरिन साबिया हिने मांडला. मध्यमवयातला व्यायाम आणि नंतरचा स्मृतिभ्रंश यांचा संबंध त्यात दिसला नाही. दिसले ते असे की ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला त्यांचे हिंडणेफिरणे निदानाच्या नऊ वर्षे आधीपासूनच कमी होऊ लागले होते. म्हणजे म्हातारपणी न चालणारा माणूस विसराळू होतो, की आत गुपचूप सुरू झालेला रोग आधी त्याचे पाय थांबवतो आणि मग आठवण नेतो? गणवेशाच्या वहीतला प्रश्न साठ वर्षांनी मेंदूच्या दारात आला.

मोठ्या नियंत्रित चाचण्यांनीही उत्साहाला आवर घातला. अमेरिकेतल्या ‘लाइफ’ चाचणीत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या माणसांपैकी निम्म्यांना दोन वर्षे व्यायाम दिला गेला. २०१५ च्या निकालात नुसती आरोग्यव्याख्याने ऐकणाऱ्या गटापेक्षा त्यांची बुद्धी उजवी ठरली नाही. त्याच वर्षी वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या पाहणीने १२ चाचण्या आणि ७५४ माणसे तपासून धापेच्या व्यायामाने निरोगी वृद्धांच्या बुद्धीला फायदा होतो असा पुरावा नसल्याचे सांगितले. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या ४९४ जणांवर झालेल्या चाचणीत रुग्ण अंगाने सुदृढ झाले, पण बुद्धीची घसरण थांबली नाही. उलट किंचित जास्तच दिसली. या तिन्हींचा अर्थ व्यायाम निरुपयोगी असा काढणे चूक होईल. हृदय, गुडघे, तोल, झोप आणि मनःस्थिती यांना त्याचा होणारा फायदा वादापलीकडे आहे. मेंदूला होणारा फायदा मात्र लहान, ठरावीक कामांपुरता आणि बहुधा रोग बसण्याआधी सुरुवात केली तरच मिळणारा आहे, एवढेच या आकड्यांतून निघते. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांची यादी २०१७ मध्ये नऊंची केली होती, ती २०२४ पर्यंत चौदांची झाली. त्या सगळ्यांचा मिळून वाटा सुमारे ४५ टक्के धरला, तर त्यात बैठेपणाचा वाटा दोन टक्के. शिक्षण, बहिरेपणा आणि कोलेस्टेरॉल यांचे वाटे त्याहून मोठे आहेत. बैठेपणातून येणारा मधुमेह, रक्तदाब आणि लठ्ठपणा मात्र त्याच यादीत स्वतंत्र नावांनी बसले आहेत, हे विसरून चालणार नाही.

भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली आहेत. शहरांतल्या वृद्धांची सकाळची फेरी ही इथे सल्ल्याआधीच रूढ झालेली गोष्ट. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ च्या मार्चमध्ये अंधेरीतल्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. त्याला प्रतिसाद इतका झटकन मिळाला, कारण बागेत येणारी मंडळी आधीपासून तिथे होतीच. फेरी मारायची, हात वर करून हसायचे, आणि मग कट्ट्यावर बसून राजकारणावर वाद घालायचा: या तिन्हींतले मेंदूला नेमके काय लागू पडते हे वेगळे काढणे कोणत्याही प्रयोगशाळेला जड जाईल.

अलीकडच्या संशोधनाने तो नाद सोडलाच आहे. फिनलंडच्या मिया किविपेल्टो हिने ६० ते ७७ वयाच्या, धोका वाढलेल्या १,२६० माणसांपैकी निम्म्यांना दोन वर्षे व्यायाम, आहार, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असे सगळे एकत्र दिले; २०१५ च्या निकालात त्यांच्या बुद्धीच्या चाचण्या नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटापेक्षा बऱ्या आल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात निरोगी प्रौढांसाठी शारीरिक हालचालीची शिफारस ठामपणे केली. अमेरिकेने फिनलंडचा प्रयोग ६० ते ७९ वयाच्या २,१११ लोकांवर करून पाहिला आणि २०२५ च्या जुलैमध्ये निकाल जाहीर केला. एका गटाला ठरावीक वेळापत्रक, बैठका आणि देखरेख होती. दुसऱ्याला तीच माहिती देऊन झेपेल तसे करा म्हणून सोडून दिले होते. दोन्ही गट सुधारले. वेळापत्रकाचा गट थोडा जास्त सुधारला.